भिवा सारंग आणि गोपनीय कपाट

भिवा सारंगाला हळू बोलता येत नसे. त्याने प्रयत्न केला नव्हता असे नाही. कुणाच्या घरी मयत झाली, की तोही चारचौघांसारखा तोंडापुढे पंचा धरून शेजाऱ्याच्या कानाशी लागे आणि "बरो होतो बिचारो" असे म्हणे. ते तिसऱ्या घरी ऐकू जाई आणि तिथली माणसे कोण गेले म्हणून बाहेर येत. त्याची सारी हयात किनाऱ्याने चालणाऱ्या आगबोटींवर सारंग म्हणून गेली होती. इंजिनाच्या धडधडीत आणि वाऱ्यात खलाशांना हुकूम सोडायचे म्हणजे घसा तसाच लागतो. म्हातारपणी बोटीवरून उतरवताना कंपनीने त्याच्याकडून गणवेश, शिटी, कंदील सगळे मोजून परत घेतले, पण आवाज परत घ्यायचे कुणाला सुचले नाही.

तो देवबागेत राहायचा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माड नि माणसे. बायको फार वर्षांमागे वारली होती, मूलबाळ नव्हते. शेजारच्या जानकीकडे तो दोन वेळा जेवायचा आणि त्या बदल्यात तिची जाळी विणून द्यायचा. जानकी विधवा. नवऱ्याच्या मागे एक होडी उरली होती. तिचा दीर आणि दोघे खलाशी ती होडी चालवीत आणि त्यावर तिचे घर चाले.

मी त्या वेळी किनाऱ्यावरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कोणत्या, ते सांगत नाही; जुनी सवय. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आमचा सगळा मुलूख रत्नागिरीत मोडायचा, आणि गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. गोव्याहून चोरटा माल येतो म्हणून सरकारने किनाऱ्यावर एक नाका बसवला होता आणि नाक्यावर एक इन्स्पेक्टर बसवला होता. माझ्याकडे कामे दोन. आलेल्या कागदावर शिक्का मारणे आणि गोपनीय कपाट सांभाळणे. सरकारी माणसाविरुद्ध कुणी तक्रार केली, की तिच्यावर तांबड्या शाईने 'गोपनीय' असे लिहून ती मी त्या कपाटात ठेवायची. कपाटाला भले दणकट कुलूप होते. किल्ली हरवू नये म्हणून भिंतीवरच्या खिळ्याला, सगळ्यांना दिसेल अशी टांगलेली असे. आमचे वरिष्ठ, ज्यांना सगळे रावसाहेब म्हणत, आपली लोणच्याची बरणीही त्याच कपाटात ठेवीत. कचेरीत कुणी उघडून बघणार नाही अशी तेवढीच एक जागा होती.

इन्स्पेक्टरांचे नाव मी लिहीत नाही. त्यांच्या नोकरीवर एकही डाग नाही, तो माझ्या हातून पडायला नको. गृहस्थ वेंगुर्ल्याकडचे, मोठे देवभक्त. कपाळाला गंध लावल्याशिवाय कुणाची झडती घेत नसत. सकाळी होड्या परतल्या, की ते वाळूत उतरत आणि चोरट्या मालाचा शोध सुरमईपासून सुरू करीत. संशयित सुरमई चौकशीसाठी नाक्यावर जाई ती परत येत नसे. सरंग्यावरही त्यांचा बराच संशय होता. स्वस्तातल्या तारल्यांबद्दल मात्र त्यांचे मत चांगले होते. त्यांना त्यांनी कधी त्रास दिला नाही.

चैत्रात एकदा जानकीच्या होडीला सबंध रात्रीत एकच सुरमई लागली. इन्स्पेक्टरांनी तिच्याकडे बोट केले, तेव्हा जानकीने ती उचलून आपल्या पाटीत घातली आणि वर पदर झाकला. लगेच होडीची झडती झाली. झडतीत गोव्याच्या दारूची एक बाटली मिळाली. बाटली रिकामी होती आणि जानकीचा दीर तिच्यातून कंदिलाचे घासलेट नेत असे, पण बाटलीवर पोर्तुगीज अक्षरे होती. होडी जप्त झाली आणि ओढत नाक्याच्या आवारात नेऊन ठेवली गेली.

लाकडी होडीला सावली तरी लागते नाहीतर पाणी तरी. उन्हात उघडी पडली की फळ्या सुकतात, सांधे फाकतात. मग त्यात पावसाळ्याचे पाणी साचले की लाकूड कुजते. म्हणून पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर घेऊन माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. त्या दिवशी ज्याची होडी तयार नसेल त्याचे खलाशी दुसऱ्याच्या होडीवर वर्षाच्या बोलीने जातात. म्हणजे पौर्णिमेपर्यंत होडी सुटली नाही, तर जानकीचे ते वर्ष गेले; आणि तशीच आणखी काही दिवस राहिली, तर होडीच गेली.

भिवा सारंग कचेरीत आला तो या कामासाठी. माझी आणि त्याची ती पहिली भेट. कचेरीत शिरला की तो शुद्ध बोलायचा. आगबोटीवरच्या सूचनाफलकांवरून शिकलेले त्याचे शुद्ध मराठी ऐकून ऐकणारा आपोआप सरळ उभा राहत असे.

"मी देवबागचा भिवा सारंग. नाक्यावरील इन्स्पेक्टरविरुद्ध तक्रार दाखल करावयाची आहे," तो खिडकीशी उभा राहून म्हणाला. आतल्या खोलीत रावसाहेबांबरोबर चहा घेत असलेल्या इन्स्पेक्टरांचा कप बशीवर वाजला.

"हळू बोला," मी म्हणालो. "तक्रार गोपनीय असते."

"होडी सर्वांच्या देखत नेली."

"होडी नेणे गोपनीय नसते. ती का नेली, याबद्दलची तक्रार गोपनीय असते."

हे त्याला पटले नाही, पण बोटीवरचे नेम पाळून आयुष्य गेलेला माणूस, वाद न घालता त्याने शाळामास्तरांकडून लिहून आणलेला अर्ज पुढे केला. मी शिक्का मारला, तांबड्या शाईने 'गोपनीय' लिहिले. त्याने हात पुढे केला.

"काय लिहिलेत ते पाहू."

"आता तो तुम्हांला दाखवता येणार नाही."

"अर्ज माझा आहे."

"होता. दाखल झाला की सरकारचा."

त्याने शुद्ध मराठी सोडले आणि तो मालवणीत बोलू लागला. तो मालवणीवर आला म्हणजे रागावला, हे मला पुढे सवयीने कळू लागले. "म्हणजे मीया माझ्या तोंडान काय सांगलंय, ताच माका ठावक असता कामा नये?"

"नियम तसा आहे."

"बरो नेम आसा, कारकुनानू," तो म्हणाला. "आमच्या बोटीर असो नेम असतो तर बोट खंय चल्ली हा ता कप्तानाक सोडून सगळ्यांका कळला असता."

अर्ज रीतसर रत्नागिरीला गेला. रत्नागिरीने तो अहवालासाठी आमच्याकडे परत पाठवला. रावसाहेबांनी तो अभिप्रायासाठी इन्स्पेक्टरांकडे पाठवला. इन्स्पेक्टर कामाच्या गर्दीतून वेळ काढून स्वतःची चौकशी करायला बसले आणि त्यांना स्वतःविरुद्ध काहीही आढळले नाही. 'तक्रारीत तथ्य नाही' असा अभिप्राय घेऊन अर्ज परत आला, अभिप्रायाची नक्कल रत्नागिरीला गेली आणि अर्ज मी कपाटात ठेवला. चौकशी तंट्याशिवाय पार पडली, कारण दोन पक्षांपैकी एकालाच बोलावले होते.

दर बाजाराच्या दिवशी भिवा खाडीतून येऊन खिडकीशी उभा राही. "माझ्या अर्जाचे काय झाले?" मी म्हणे, "चौकशी चालू आहे." ती संपली आहे हे सांगणेही गोपनीयतेचा भंग होता. मग तो जाता जाता त्याचे ठरलेले वाक्य बोले, "जा चार माणसांत सांगूक येणा नाय, ता केलाच कित्याक?" हे वाक्य तो सगळ्यांनाच ऐकवायचा. दुधात पाणी घालणाऱ्याला, बायकोला मारणाऱ्याला, आणि आता सरकारला. त्याच्या मते जगातल्या निम्म्या गोष्टी मोठ्याने बोलल्या की बंद झाल्या असत्या.

एकदा तो कपाटाकडे बोट करून म्हणाला, "ह्याच्यात आनी कोणकोणाच्यो तक्रारी आसत?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे आसत."

होत्याच. नाक्याविरुद्ध किनाऱ्यावरच्या किती जणांनी अर्ज दिले होते ते माझ्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. प्रत्येक जण खिडकीशी येऊन आधी मागे वळून बघे आणि मग हलकेच विचारी, "माझा नाव खंय येवचा नाय मा?" नाव कुठेच येत नसे, तक्रारही येत नसे. आपल्यालाच एकट्याला हा त्रास आहे असे समजून माणूस घरी जाई आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे सुरमई काढून देई. कपाटात त्या तक्रारी एकमेकींवर वर्षानुवर्षे पडून होत्या, पण त्यांची आपसांत ओळख झाली नव्हती. ओळख होऊ नये यासाठीच सरकार मला पगार देत होते.

आषाढात पावसाची झोड उठली तेव्हा जानकी झापांचा भारा डोक्यावर घेऊन नाक्यावर गेली. निदान होडी शाकारून तरी ठेवावी, एवढेच तिच्या मनात होते. तिथल्या शिपायाने तिला हटकले. जप्त मालाला हात लावणे गुन्हा आहे, असे सांगून त्याने ती झापे ठेवून घेतली. त्या रात्री नाक्याच्या पडवीवर नवे छप्पर चढले. जानकी भिजत घरी आली आणि चुलीपुढे बसून राहिली. भिवाला तिने पान वाढले, पण तो जेवला नाही. उठून दारात गेला आणि तिला धीर द्यायचा म्हणून, त्याच्या समजुतीने हळू, म्हणाला, "जानकी, यंदा पुनवेक तुझी होडी सुटतली." ते सगळ्या देवबागेने ऐकले. त्यामुळे आता त्याला मागे फिरता येईना.

नारळी पौर्णिमेला देवबागेत समुद्राला नारळ देतात आणि नारळ सोडण्याआधी गाऱ्हाणे घालतात. हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवे. एकाने पाण्याकडे तोंड करून, हात जोडून, सगळ्या गावाच्या वतीने देवाला जे सांगायचे ते मोठ्याने सांगायचे, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. कुणाला आपले काही घालायचे असेल तर त्याने तिथेच तसे म्हणायचे, मग तेही त्यात येते. गाऱ्हाणे चालू असताना मध्ये बोलत नाहीत, जागा सोडत नाहीत. ते अर्ध्यावर मोडले तर वर्षभर दर्या धड राहत नाही, अशी तिथली पक्की समजूत आहे. हा मान देवबागेत सारंगाच्या घरचा. आणि त्याचा आवाज लक्षात घेता देवानेही दुसरा कुणी मागितला नसता.

त्या वर्षी जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर आले होते. घाटावरचे, तरुण, समुद्र नवीन. त्यांना कोळ्यांचा सण पाहायचा होता, म्हणून रावसाहेब, इन्स्पेक्टर आणि कागदपत्रांची पिशवी सांभाळायला मी, अशी सगळी कचेरी होडीत बसून देवबागेला गेली. पाऊस उघडला होता. किनाऱ्यावर आजूबाजूच्या वाड्यांचीही माणसे होती. साहेबांना पुढे उभे केले. त्यांच्या शेजारी इन्स्पेक्टर, ताजे गंध लावलेले, डोळे मिटलेले आणि हात छातीशी जोडलेले.

भिवा पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिला.

"बा समिंदरा म्हाराजा, आज पुनवेच्या दिसाक तुझी लेकरा तुझ्या पायाकडे उबी आसत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांत खणखणीत इन्स्पेक्टर म्हणाले. भक्ती होतीच, शिवाय शेजारी साहेब होते.

"ह्यो नारळ तुका दितत, तो मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"वारो-पावस बेतान ठेय, गेलेली होडी सुखरूप हाड, जाळ्याक मासो दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनी दिलेलो मासो घराक पावांदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हे जरा जास्तच मनापासून आले.

"वाटेत नाको आसा म्हाराजा." भिवाचा सूर तोच, ठेका तोच. "नाक्यार इन्स्पेक्टर आसा. तेका सुरमय लागता म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जानकीन सुरमय दिल्यान नाय, म्हणान तेणा तिची होडी ओढून नेल्यान म्हाराजा."

इथे जमावाने क्षणभर श्वास धरला. पण लहानपणापासून गावच्या देवळात उभे राहून जे तोंडात बसलेले असते, ते कुणाच्या श्वासासाठी थांबत नाही. डोळे मिटलेल्या इन्स्पेक्टरांच्या तोंडून, एकट्याच्या, त्या शांततेत स्वच्छ निघाले, "व्हय म्हाराजा."

मग त्यांनी डोळे उघडले.

साहेब माझ्याकडे झुकून म्हणाले, "हे काय म्हणताहेत?"

"प्रार्थना आहे, साहेब."

"प्रार्थनेत सुरमई कशी?"

तेव्हा मी त्यांना प्रत्येक वाक्य साध्या मराठीत सांगू लागलो. रावसाहेब मला कोपराने ढोसत होते, पण साहेबांनी विचारले होते आणि वरिष्ठांच्या प्रश्नाला उत्तर देणे माझे कर्तव्य होते. नोकरीत एवढ्या आनंदाने मी दुसरे कुठलेही कर्तव्य बजावलेले नाही.

"भिवा, माझा पण सांग रे," खाडीपलीकडून आलेला एक म्हातारा म्हणाला. "माझा नवा जाळा नेल्यानी." भिवाने ते घातले. मग मागून एक बाई म्हणाली, "माझा पण सांग." तिच्या मुलाला दिवसभर नाक्याचे अंगण झाडायला लावले होते. तेही आले. मग तिसरा, चौथा. प्रत्येक नवीन गाऱ्हाण्याला माणसे एकमेकांकडे वळून बघत होती, 'तुझा पण?' अशा नजरेने. मला एकही नवीन नव्हते. हे सगळे मी शिक्के मारून कुलपात ठेवलेले होते, त्या दिवशी फक्त समुद्रावर हवा खायला बाहेर आले होते. इन्स्पेक्टरांना निघून जाता येईना. एक तर साहेब उभे होते, आणि दुसरे म्हणजे गाऱ्हाणे मोडायची त्यांनाही भीती होती.

"चुकला-माकला पोटात घाल, आनी खरा आसा ता सगळ्यांच्या समोर हाड म्हाराजा," असे म्हणून भिवाने नारळ पाण्यात सोडला.

साहेब तिथून सरळ नाक्यावर गेले. होडीत गुडघाभर पाणी साचले होते आणि काठाच्या फळीवर गवत उगवले होते. "कोणता माल सापडला होता?" त्यांनी विचारले. इन्स्पेक्टरांनी बाटली आणून दिली. साहेबांनी ती हुंगली आणि परत दिली. मग म्हणाले, "होडी आत्ता सोडा." लेखी हुकुमाचे काय, असे रावसाहेबांनी विचारले. साहेब म्हणाले, तक्रार तोंडी ऐकली आहे, हुकूमही तोंडीच असू दे.

होडीची दशा वाईट होती. पण खलाशी थांबले. सगळी वाडी आठवडाभर तिच्यावर वाकली होती. कुजलेल्या फळ्या बदलल्या, फटींत तेलाचा कापूस ठोकला, वर राळ चोपडली. भरतीला ती पाण्यात गेली आणि तरंगली, तेव्हा जानकी रडू लागली. भिवा म्हणाला, "रडतंस कित्याक गो? समिंदरात पाणी कमी आसा काय?" आणि तोंड फिरवून स्वतः डोळे पुसले. मी ते पाहिले, आणि मलाही भरून आले.

सरकार स्वस्थ बसले असे कुणी समजू नये. साहेब परत गेल्यावर चौकशी सुरू झाली ती भिवाची. रावसाहेबांनी त्याला बोलावून घेतले.

"सरकारी अधिकाऱ्याची जाहीर बदनामी केल्याबद्दल तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे."

"कोणाची तक्रार आहे?" भिवाने शुद्धात विचारले.

"ते गोपनीय आहे."

"तीत काय लिहिले आहे?"

"तेही."

भिवा माझ्याकडे वळून म्हणाला, "बरा झाला. म्हणजे इन्स्पेक्टराक आनी माका नेम एकच आसा." रावसाहेबांनी बरेच ऐकवले, आणि शेवटी, यापुढे गाऱ्हाण्याचा मजकूर आधी कचेरीत तपासणीसाठी द्यावा, असे बजावले.

"देईन," भिवा म्हणाला. "परंतु तो गोपनीय ठेवावा. देवाच्या आधी कोणी वाचता कामा नये."

इन्स्पेक्टरांची बदली झाली. प्रशासकीय कारणास्तव, स्वच्छ नोकरीनिशी, खारेपाटणच्या खाडीवर. त्यांच्याविरुद्धचे कागद आमच्या कपाटातच राहिले, कारण गोपनीय कागद असे गावोगाव फिरवता येत नाहीत. भिवाला हे कळले तेव्हा तो विचारात पडला. "म्हणजे थंयच्या लोकांका कायच ठावक नाय?" मी म्हणालो, ठाऊक होऊ नये अशीच व्यवस्था आहे. पुढच्या बाजाराला तो खिडकीशी आला नाही. सत्तरी उलटलेला माणूस एस.टी.त बसून खारेपाटणला गेला होता. तळेऱ्याला गाडी थांबली तेव्हा चहाच्या टपरीवर त्याने सगळी हकिगत सांगितली, म्हणजे तिथून फुटून देवगडकडे जाणाऱ्यांचीही सोय झाली. खारेपाटणला भरबाजारात उभा राहून पुन्हा सांगितली.

"भांडण काढायला गेला होतात?" मी विचारले.

"भांडाण कसला? वळख करून दिलंय," तो म्हणाला. "गावात नवीन माणूस इलो, तर तेची वळख नको करून देवक?"

या ओळखीचा परिणाम मला पुढे तिकडच्या एका कारकुनाकडून कळला. इन्स्पेक्टरांना तिथे कुणीही काही नाकारले नाही. त्यांनी मासा मागितला की होडीवाला सबंध बंदराला ऐकू जाईल असे विचारी, "सायबानू, हीच सुरमय व्हयी? ही फुकट नेतास?" एवढेच. थोड्याच दिवसांत प्रकृती मानवत नाही म्हणून त्यांनी बदलीचा अर्ज केला.

त्यानंतरच्या थंडीत भिवा सारंग गेला. दुपारी जाळे विणताना छातीत कळ आली आणि जानकीने पाणी आणेपर्यंत संपले. मयताला मी गेलो. सगळी वाडी दबक्या आवाजात बोलत होती आणि मला ते सहन होईना. असा माणूस पुन्हा भेटला नाही. माझी त्याच्यावर फार माया होती, आणि ती मी त्याला कधी बोलून दाखवली नाही. कचेरीतली माणसे बोलून दाखवत नाहीत.

तो गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी रत्नागिरीहून त्याच्या नावाचा लखोटा आला. 'आपल्या अर्जातील बाबींची सखोल चौकशी करण्यात आली आहे. चौकशीचे निष्कर्ष गोपनीय असल्याने ते आपणांस कळविता येत नाहीत.' खाली आमच्यासाठी सूचना होती, की तक्रारदारास हे समक्ष वाचून दाखवावे आणि पोच घ्यावी.

"तक्रारदार मयत असा शेरा मारा आणि दप्तरदाखल करा," रावसाहेब म्हणाले.

"पोच घ्यावी असे लिहिले आहे, साहेब," मी म्हणालो, आणि शाईचा डबा पिशवीत घालून देवबागेला गेलो.

होड्या नुकत्या आल्या होत्या. जानकीची होडीही होती. मी माडाखाली उभा राहून कागद वाचला. जानकी म्हणाली, मोठ्याने वाचा, मागच्यांना ऐकू येत नाही. मी पुन्हा वाचला. मग त्याचा अर्थ सांगितला.

"म्हणजे भिवाकाकाक उत्तर इला," जानकी म्हणाली, "पण ता तेका सांगूचा नाय."

"असेच."

"तो आसतो तर किती हसलो असतो," ती म्हणाली.

मी विचारले, आता पोच कुणाची घेऊ. वारस कुणी नव्हता. जानकीने हात पदराला पुसला आणि म्हणाली, "माझी घेवा. होडी माझी होती." तिने अंगठा उठवला. खाडीपलीकडचा म्हातारा मासे घ्यायला आला होता, तो म्हणाला, "माझी पण घेवा." मग तिचा दीर, खलाशी, पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायका, कुणीच मागे राहिले नाही. मजकूर अंगठ्यांखाली बुडून गेला आणि शेवटी शेवटी मला कागद उलटा करावा लागला.

रावसाहेबांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. "हे काय?"

"पोच, साहेब."

त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला. मग खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मी कागदावर तांबड्या शाईने 'गोपनीय' असे लिहिले आणि तो कपाटात ठेवून कुलूप लावले. तेव्हा बाहेर मासळीबाजारात देवबागच्या बायका बसल्या होत्या, आणि त्यातला शब्द न् शब्द गिऱ्हाइकांना सांगत होत्या.